विचारून उघडलेली खिडकी

रफूवाल्या काकूंना आयुष्यात कुणाशी भांडता आलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना पुष्कळ वर्षं अभिमान होता. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर त्या अर्धं पाऊल मागे सरकून त्याला नीट जागा करून द्यायच्या. भाजीवाल्याने पिशवीत नासका टोमॅटो टाकला, तर त्याच्या लक्षात आलं नसेल बिचाऱ्याच्या, असं स्वतःलाच समजावत घरी यायच्या. त्यांचा नवरा बसडेपोत टाइमकीपर होता. निवृत्त होऊन काळ लोटला तरी गल्लीत तो टाइमकीपरच होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमच्या घरात चोर शिरला तर ही त्याला आधी विचारेल, चपला काढल्यात ना? यावर काकूसुद्धा हसायच्या.

हाताने मात्र त्या हट्टी होत्या. सिगारेटने जळालेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, जे येईल ते त्या आधी उलटं करून बघायच्या. शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडातून त्याच रंगाचे चार धागे अलगद ओढून काढायच्या आणि उभा-आडवा एकेक धागा असा भरायच्या, की गिऱ्हाईक कापड हातात घेऊन भोक शोधत बसायचं. "कुठं होतं हो?" असं कुणी विचारलं की काकूंचा तो दिवस चांगला जायचा. मनासारखं उतरलं नाही तर भरलेलं सगळं उसवून पुन्हा बसायच्या, मग गिऱ्हाईक दारात का उभं असेना.

या कामाला दोन गोष्टी लागतात, सुई आणि उजेड. सुई बाजारात मिळते. उजेड काकूंच्या मागच्या खोलीत होता. उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा, ऊन नसलेला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकसारखा. उन्हात कापड चमकतं आणि डोळा फसतो. दिव्याखाली तर काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात. एकदा दिव्यावर विश्वास ठेवून काकूंनी बँकेच्या मॅनेजरच्या निळ्या कोटाला काळा धागा भरला होता. ते मॅनेजरला कळलं सभेत भाषणाला उभं राहिल्यावर, आणि काकूंना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅनेजरकडून.

ही खिडकी काकूंनी विचारून उघडली होती.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मागच्या खोलीला नुसता झरोका होता, मांजर जाईल एवढा. भिंतीपलीकडे शेजारच्या कंपाउंडरांचं मोकळं अंगण. सासऱ्यांचं म्हणणं, आपल्या भिंतीला आपण भोक पाडायचं, त्यात शेजाऱ्याचा काय संबंध? काकूंना ते पटलं नाही. भिंत आपली, पण बघणार आपण त्यांच्या अंगणात. एका दुपारी हात पुसून त्या शेजारी गेल्या. कंपाउंडरांची बायको कपडे वाळत घालत होती. काकू तिला म्हणाल्या, "वहिनी, मला कामाला उजेड लागतो. तुमच्या अंगणाकडे खिडकी काढली तर चालेल का?"

वहिनींनी दातात धरलेला चिमटा काढला. "काढ की. मला बोलायला कुणीतरी होईल."

ते बोलणं जे सुरू झालं ते वहिनी जाईपर्यंत संपलं नाही. शेजारच्या घरात काहीही फाटलं की ते खिडकीतून आत यायचं आणि भरून खिडकीतूनच बाहेर जायचं. त्याचा मोबदला काकूंनी कधी घेतला नाही. "उजेडाचं भाडं समजा," असं त्या म्हणायच्या आणि दोघी हसायच्या. अंगणात काही काम निघालं, दोरी बांधायची असली, पाण्याची टाकी हलवायची असली, की काकू पुन्हा विचारायच्या, माझ्या खिडकीची अडचण होत नाही ना? वहिनी म्हणायच्या, विचारून विचारून डोकं खातेस गं माझं.

वहिनी गेल्या, आणि वर्षाच्या आत त्यांचा मुलगा मोजपट्टी घेऊन अंगणात उभा राहिला. त्याला सगळे बाळ म्हणत. चाळिशी आली, ढेरी आली, तरी बाळच. त्याने खिडकीतूनच सांगितलं की बाबांना आता जिना चढवत नाही, म्हणून खाली एक खोली काढतोय. काकू म्हणाल्या, बरं झालं, त्यांची सोय होईल. हे त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बाळबरोबर आलेला गवंडी विटेच्या तुकड्याने रेघ मारतोय, आणि ती रेघ खिडकीला चिकटून चालली आहे.

"अरे, पण माझी खिडकी?"

"झाकली जाणार, काकू," बाळ म्हणाला. "काय करणार? जागाच तेवढी आहे."

त्याच्या बोलण्यात खुन्नस नव्हती. बस निघून गेली असं सांगावं तसं त्याने सांगितलं. म्हणूनच काकूंना त्याला काही बोलता आलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मग आत येऊन स्वतःच्याच मानेवर चिडल्या.

टाइमकीपरने डेपोतल्या दोन संपांची आठवण काढून बाह्या सरसावल्या. पण बाळच्या समोर गेल्यावर बाळने त्याला बसायला खुर्ची दिली, आणि खुर्चीत बसून भांडता येत नाही. तेव्हा ठरलं, कायद्याचं बघायचं.

घरात कायद्याच्या जाणकार म्हणजे काकूंच्या नणंदबाई. जिन्याच्या वाटणीवरून त्यांचा दिरांशी दावा चालू होता आणि तो इतकी वर्षं चालू होता की मूळ जिना कधीच पडून गेला होता. त्यांनी फोनवर सांगितलं, सरळ स्टे आण. जणू कोपऱ्यावरच्या दुकानात स्टे पाव किलोच्या पुड्यांत बांधून ठेवलेला असतो. कसा आणायचा, असं काकूंनी विचारलं. ते वकील बघतो, नणंदबाई म्हणाल्या. आणि वकील काय म्हणेल? ते जज बघतो.

टाइमकीपर रोज सकाळी पेपरातलं वकिलाचं सदर मोठ्याने वाचायचा. लोकांच्या घरात काय जळतंय ते फुकटात कळतं, म्हणून त्याला ते आवडायचं. आता तो खिडकीसाठी वाचू लागला. कुणाचा भाऊ आईला भेटू देत नव्हता, कुणाच्या भाडेकरूने माळ्यावर कबुतरं पाळली होती, कुणी विचारलं होतं की साखरपुडा मोडल्यावर अंगठी कुणाची. प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच: आपल्या प्रश्नात पुरेशी माहिती नाही, तरी जवळच्या वकिलांचा सल्ला घ्यावा. काकू म्हणाल्या, पुरेशी माहिती असती तर त्या माणसाने विचारलं कशाला असतं?

मग त्यांनी एक शहाणपणा केला. त्यांच्याकडे एक वकील काळा कोट द्यायचे, कॉलरपाशी विरलेला. कोट परत देताना काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. आपल्या घरचं भांडण बाहेर कशाला, म्हणून, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," अशी सुरुवात केली. वकिलाला कळू नये म्हणून उत्तरेची दक्षिण केली, शेजाऱ्याचा चुलतभाऊ केला, आणि खिडकीऐवजी बाल्कनी म्हणाल्या. वकिलांनी कोट झटकत सांगितलं की दुसऱ्याच्या जागेवर बाल्कनी काढली असेल तर ती पाडावी लागेल आणि वर भरपाई द्यावी लागेल. त्या बाईंना म्हणावं, गप्प बसा. काकू घरी आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. आता खिडकी बुजवायचा खर्चही आपल्याच माथी, असं त्या दोन दिवस धरून चालल्या. तिसऱ्या दिवशी टाइमकीपरने सगळं खोदून विचारलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "अगं, बाल्कनी विचारलीस तर तो बाल्कनीचंच सांगणार. डॉक्टरकडे जाऊन शेजारणीचं पोट दुखतंय म्हणून सांगतेस का?"

म्हणून शेवटी त्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेल्या. तिथे दर शनिवारी एक वकीलबाई बसायच्या आणि कुणालाही मोफत सल्ला द्यायच्या. खोलीत लोखंडी खुर्च्या, एक टेबल, आणि मोडका पंखा. आडोसा नव्हता, त्यामुळे प्रत्येकाचं सगळ्यांना ऐकू जायचं. त्यामुळेच की काय, तिथे आलेला कुणीच स्वतःसाठी आलेला नव्हता. एका गृहस्थाच्या मित्राला साध्या कागदावरचं मृत्युपत्र चालतं का ते हवं होतं. एका बाईच्या बहिणीच्या नवऱ्याने कर्ज काढलं होतं, ते बहिणीला फेडावं लागेल का? वकीलबाईंनी विचारलं, कर्जाच्या कागदावर तिची सही आहे का? "सही केली, पण मी वाचलं नव्हतं," त्या बाई म्हणून गेल्या आणि मग खाली बघत बसल्या. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या मित्रांची आणि बहिणींची काळजी करत होते.

वकीलबाई तरुण नव्हत्या, म्हाताऱ्याही नव्हत्या. दिवसभर तेच ते ऐकून झालेला चेहरा होता, पण ऐकायच्या नीट. मृत्युपत्र चालू शकतं. कर्ज फेडावं लागू शकतं. कुलूप तोडता येतं, पण तोडू नका. प्रत्येक उत्तराला त्या पुढे एक वाक्य जोडायच्या, हे सर्वसाधारणपणे सांगतेय हं, तुमच्या बाबतीत परिस्थितीवर अवलंबून आहे. काकूंना ते ऐकून हसू येईना. एवढ्या लांब चढून यायचं आणि परिस्थिती घेऊन परत जायचं.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी ठरवलं, या वेळी काही लपवायचं नाही. उत्तरेला उत्तर म्हणायचं.

सुरुवात छान झाली. खिडकी किती वर्षांची ते ऐकून वकीलबाईंनी मान डोलावली, कायद्याला लागतात त्याहून जास्तच झाली होती. मध्ये कधी बंद होती? नाही. सगळ्यांना दिसेल अशी? हो, समोर अंगणच होतं. अंधारात काम होऊ शकतं का, दिवा लावून? काकूंनी बँक मॅनेजरची गोष्ट सांगितली. वकीलबाई हसल्या आणि त्यांनी ती लिहूनसुद्धा घेतली. मग विचारलं, या खिडकीवरून शेजाऱ्यांशी कधी वाद झाला होता का?

काकूंना वाटलं, आता आपलं सगळ्यात चांगलं पान आलं. त्या ताठ बसल्या. "एक शब्दाचा नाही. मी विचारूनच उघडली होती."

वकीलबाईंचं पेन थांबलं.

"विचारून?"

"हो तर. न विचारता कशी उघडणार? आणि नंतरही वेळोवेळी विचारत होते. त्यांचे कपडेसुद्धा फुकट भरून द्यायचे."

वकीलबाईंनी पेनाला टोपण घातलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी सावकाश, सोपं करून सांगितलं, आणि सोपं असल्यामुळेच ते काकूंना जास्त लागलं. दुसऱ्याच्या मोकळ्या जागेवरून येणारा उजेड वर्षानुवर्षं, उघडपणे, कुणाला न विचारता वापरला आणि त्यांनी अडवला नाही, तर तो वापरणाऱ्याचा हक्क होऊ शकतो. पण परवानगीने वापरलेल्या गोष्टीचा हक्क होत नाही. शेजारणीने छत्री दिली आणि ती तुम्ही कितीही पावसाळे वापरली, तरी छत्री शेजारणीचीच.

"म्हणजे मी भांडायला हवं होतं?"

"भांडायला नको. नुसतं विचारलं नसतंत तरी पुरे होतं."

"न विचारता दुसऱ्याच्या अंगणात भोक पाडून बघत बसले असते, तर खिडकी माझी झाली असती."

"सर्वसाधारणपणे, हो."

"आणि माणसासारखी वागले म्हणून गेली."

वकीलबाईंनी विचारलं, ही परवानगी लेखी होती का? काकू म्हणाल्या, वहिनींच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता, त्या कशाला लिहून देतील? तेव्हा आणखी कुणी हजर होतं? नाही, आम्ही दोघी. आणि त्या वारल्या. वकीलबाईंनी खिडकीबाहेर बघत, अगदी सर्वसाधारणपणे, सांगितलं की काय बोलायचं ते वकील पक्षकाराला शिकवू शकत नाही. मात्र कोर्टापुढे जे येतं तेवढंच कोर्टाला दिसतं. तुम्ही विचार करा आणि पुढच्या शनिवारी या.

खाली जिन्यात टाइमकीपर वाट बघत होता. त्याला हे कळायला काकूंपेक्षा निम्मा वेळ लागला. त्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "मग झालं तर. तू विचारलंच नव्हतंस. संपलं."

घरी त्या आठवड्यात या एका वाक्याची तालीम चालली. टाइमकीपर जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे बसून समोरच्याचा वकील व्हायचा. नणंदबाई फोनवरून सूचना द्यायच्या की जास्त बोलू नकोस, हो किंवा नाही, बस्स. टाइमकीपर घसा साफ करून विचारायचा, बाई, ही खिडकी काढताना तुम्ही शेजाऱ्यांची परवानगी घेतली होती का? आणि काकू म्हणायच्या, "वहिनी कपडे वाळत घालत होत्या..."

"अगं, वहिनी कुठून आल्या त्यात? नाही म्हण. नाही."

"नाही," काकू म्हणायच्या, आणि मान होकारार्थी हलवायच्या.

त्या काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हत्या. गिऱ्हाइकाला उद्या देते म्हणून परवा देणं त्यांनी जन्मभर केलं होतं. इथे अडत होतं ते वेगळंच. नाही म्हणायचं म्हणजे सगळ्या जगापुढे सांगायचं, की मी एका बाईच्या अंगणात तिला न विचारता भिंत फोडली आणि तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसले. म्हणजे माझ्या आईने मला काही शिकवलं नव्हतं. आणि वहिनी 'काढ की' म्हणाल्या, ते कुणी म्हणालंच नाही. तरी खिडकीपाशी बसून कामाला हात घातला की त्यांना वाटायचं, मेलेलं माणूस रागवायला येत नाही. उजेड गेला तर खाणार काय आणि, त्याहून मोठं, दिवसभर करणार काय? शुक्रवारपर्यंत त्यांनी मनाची तयारी केली. टाइमकीपरने विचारलं की 'नाही' स्वच्छ यायला लागलं, मानेसकट. त्याने पाठ थोपटली.

त्याच शुक्रवारी दुपारी बाळ आला. एरवी तो खिडकीतून बोलायचा. आज पुढच्या दाराने आला, बरोबर एक मित्र. मित्र दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. टाइमकीपर बाहेर गेलेला होता. बाळने इकडचं तिकडचं विचारलं, काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली, पाणी प्यायला. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "काकू, एक विचारायचं होतं. ती खिडकी आमच्या आईला विचारून काढली होती, की तुम्ही लोकांनी अशीच काढली?"

काकूंची आठवडाभराची तयारी जिभेवर होती. 'नाही' तयार होतं. पण त्या 'अशीच'ने घात केला.

"अशीच कशी काढीन?" काकूंचा आवाज चढला, इतका की त्या स्वतःच दचकल्या. "मी काय रस्त्यावरची आहे का? तुझ्या आईला विचारलं होतं मी. ती कपडे वाळत घालत होती. तोंडातला चिमटा काढून म्हणाली, काढ की. तू तेव्हा जन्मलासुद्धा नव्हतास. आणि एकदा नाही विचारलं, शंभरदा विचारलं. तुमच्या घरातलं माणूस विचारतं का कधी कुणाला?"

बाळने सगळं शांतपणे ऐकलं. "तेच म्हटलं मी," तो म्हणाला. "तुम्ही विचारल्याशिवाय काढणार नाही." मग मित्राकडे वळून, "ऐकलंस ना?" मित्राने ऐकलं होतं. दोघे आभार मानून गेले.

फाटकाची कडी वाजली, आणि काकूंना समजलं की मित्र कशासाठी आला होता. बाळचाही कुणीतरी वकील होता, आणि त्यानेही सर्वसाधारणपणे काहीतरी सांगितलं होतं.

टाइमकीपरला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "एका शब्दाचं काम होतं. तू निबंध सांगितलास." आणि रेडिओ लावून बसला.

शनिवारी काकू तरीही वाचनालयात गेल्या. वकीलबाईंनी ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. आता एवढंच करता येईल, त्या म्हणाल्या, की दिलेली परवानगी काढून घेण्याआधी वाजवी मुदत मागायची. वाजवी म्हणजे किती? ते परिस्थितीवर. परवानगी घराच्या मालकाने दिली नव्हती, मालकाच्या बायकोने दिली होती, हाही मुद्दा निघू शकतो. निघू शकतो, म्हणजे निघेलच असं नाही. दावा लावायचा तर लावता येईल, पण भिंत दाव्यापेक्षा लवकर उभी राहते.

"बाई," काकू म्हणाल्या, "तुमच्या कायद्यात अशी एक तरी गोष्ट आहे का, जी परिस्थितीवर अवलंबून नाही?"

मागच्या खुर्च्यांवरचे दोघे-तिघे हसले. वकीलबाईंनी मात्र खरंच विचार केला. "मुदत," त्या म्हणाल्या. "उलटली की उलटली." मग त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. त्याच्या मित्राला कुत्रा चावला होता.

भिंत खालून वर आली. काकूंना वाटलं होतं उजेड एकदम जाईल, तसा तो गेला नाही, थरा-थराने गेला. आधी टेबलाखालचा गेला, मग मांडीवरचा. काकूंनी खुर्चीवर उशी ठेवली. मग दोन उशा. मग त्या उभ्या राहून भरायला लागल्या, कापड तोंडासमोर धरून, आणि पलीकडून गवंडी त्यांना म्हणाला, काकू, जरा सांभाळून, चुना उडेल. त्या एका राखाडी कोटाची बाही पुरी करत होत्या. शेवटचा थर बसायच्या आत त्यांनी ती पुरी केली, आणि ती त्यांच्या मनासारखी उतरली नाही. पण उसवून पुन्हा भरायला उजेड नव्हता. तो कोट त्यांनी तसाच दिला. गिऱ्हाइकाने विचारलं, कुठं होतं हो? त्याला दिसलं नव्हतं, पण काकूंना दिसत होतं.

टेबल पुढच्या दारात आलं. तिथे ऊन यायचं, धूळ यायची, आणि माणसं यायची. जाणारा-येणारा थांबून विचारायचा, इथे कशा बसलात, खिडकीचं काय झालं, आणि मग आपल्या भावाच्या गच्चीची किंवा मेहुणीच्या गटाराची गोष्ट सांगून काकूंना सल्ला विचारायचा, कारण त्या आता वकिलाकडे जाऊन आलेल्या होत्या. गडद रंगाचं काम त्यांनी घेणं बंद केलं. मॅनेजरचा नवा कोट आला तोसुद्धा परत पाठवला. दार उघडं असलं तरच दिसायचं, म्हणून पावसाची झड आली की काम बंद, वारा सुटला की काम बंद. टाइमकीपर म्हणायचा, डेपोत गाड्यासुद्धा एवढ्या बंद पडत नव्हत्या.

शेजारी खोली पुरी झाली. रस्त्याच्या बाजूला तिला दार बसेल असं काकूंना वाटत होतं. एका सकाळी टेम्पोतून शटर उतरलं. कंपाउंडरकाका वरच्या मजल्यावर गॅलरीत उभे राहून ते बघत होते. त्यांना कमी ऐकू यायचं आणि जिना अजूनही चढवत नव्हता. त्यांनी खाली काकूंकडे बघून हात केला. काकूंनीही केला. काय करणार?

त्यानंतर थोड्या दिवसांनी बाळ दारात येऊन उभा राहिला. काकूंच्या पुढ्यात पांढरी शाल होती, आणि त्या सुईत धागा ओवत होत्या. बाळ उजेडातच उभा राहिला. सरक म्हणायला काकूंनी तोंड उघडलं, पण तोच बोलायला लागला.

"काकू, एक छोटंसं काम होतं. दोन भिंतींच्या मध्ये फट राहिलीय. गवंडी म्हणतो, पावसाचं पाणी त्यात उतरणार आणि दुकानात माल भिजणार. वरून पत्र्याची पट्टी मारायला हवी, आणि ती तुमच्या भिंतीत खोचावी लागेल. उद्या माणूस पाठवतो. चालेल ना?"

दुकानात, असं तो म्हणाला. खोलीत नाही म्हणाला.

'मार की' काकूंच्या तोंडात आलंच होतं. जन्मभराची सवय, ती दातांच्या आत येऊन थांबली. त्यांनी सुई शालीत टोचून ठेवली.

"नाही चालणार."

बाळ हसला. त्याला वाटलं काकूंनी चेष्टा केली. मग काकू हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. "अहो, पण पट्टी नाही मारली तर तुमच्याही भिंतीला ओल येईल."

"येईल."

"मग?"

"मग काय? तू विचारलंस, मी सांगितलं."

"पण का?"

आतून टाइमकीपर ओरडत होता, अगं, ओल आपल्याच खोलीत उतरेल, हो म्हण, जरा डोकं वापर. भांडण एवढं दमवतं हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एक शब्द बोललो तर 'बरं, मार' असं तोंडातून निघेल, याची त्यांना खात्री होती. म्हणून त्यांनी टेबल आत ओढलं आणि बाळच्या तोंडावर दार लावून घेतलं.

पुढची खोली अंधारली. टाइमकीपर आत काहीतरी बोलतच होता. काकू शाल मांडीवर घेऊन बसून राहिल्या. सुई शालीत कुठे टोचली ते दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून त्यांनी ती काढली, आणि धागा निसटला. दाराखालच्या फटीत बाळचे पाय दिसत होते. तो अजून गेला नव्हता. त्याला बहुतेक वाटत होतं, काकू विचार बदलतील. तो जाईपर्यंत दार उघडता येणार नव्हतं, आणि दार उघडल्याशिवाय सुईत धागा जाणार नव्हता.